जुनी व्हॅन घेण्यापूर्वी : कारखान्यानें परत बोलाविलेल्या गाड्या आणि मालकांच्या नेहमींच्या तक्रारी

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत बैलगाडीची जागा पुष्कळ ठिकाणीं व्हॅननें घेतली आहे. पहांटे मार्केट यार्डांत भाजी पोंचविणें, डेअरीवर दुधाचे कॅन नेणें, पेंडीच्या व खताच्या गोणी आणणें, आणि आषाढी-कार्तिकीस सगळें घर पंढरपुरास घेऊन जाणें, हीं सर्व कामें एकच गाडी करिते. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांचीच असते असें नाहीं. आणि असली तरी डाळिंबाच्या किंवा कांद्याच्या एका हंगामाच्या भरंवशावर मोठें कर्ज डोक्यावर घेणें शहाणपणाचें नव्हे. सबब दुसऱ्या अगर तिसऱ्या हाताची ओम्नी, इको, अर्टिगा, तवेरा किंवा इनोव्हा घेण्याकडे शेतकऱ्यांचा कल दिसतो. तो गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जुनी गाडी पाहण्याची आपली रीत मात्र सुधारली पाहिजे, असें आम्हांस निश्चित वाटतें.

खिलार जोडी घेणारा शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जुंपून पाहतो, आणि जनावरास कांहीं खोड आहे काय हें बाजारांत चार जणांस विचारतो. तोच मनुष्य त्याहून अधिक किंमतीची व्हॅन घेतांना रंग पाहतो, सीट-कव्हर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि विसार देऊन मोकळा होतो. ज्या गाडींत आपण आपलीं बायकामुलें बसविणार, तिच्या खोडींची चौकशी बैलाच्या चौकशीहून कमी असूं नये. ती कशी करावी हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

दोष तीन प्रकारचे

जुन्या गाडींत जे दोष आढळतात, त्यांचे उगमावरून तीन वर्ग पडतात. पहिला, कारखान्याचा दोष : गाडी बनवितांनाच एखादा भाग सदोष बसविला गेला, तो. दुसरा, काळाचा दोष : ऊन, पाणी, ओझें व घर्षण यांनीं जो येतो, तो. तिसरा, मालकाचा दोष : आधींच्या धन्यानें काटकसरीपायीं किंवा अज्ञानानें गाडींत जे फेरफार केले, त्यांतून आलेला.

हा भेद नुसता शास्त्रासाठीं नाहीं. पहिल्या प्रकारचा दोष कंपनी आपल्या खर्चानें दुरुस्त करून देते, मग गाडी कितव्याही हातीं असो. दुसऱ्या प्रकारच्या दुरुस्तीचा खर्च आपला, सबब तो किंमतींतून वजा करून घ्यावयाचा. तिसऱ्या प्रकारचा दोष जर इंधनाच्या किंवा विजेच्या व्यवस्थेंत असेल, तर ती गाडी सोडून देणेंच बहुधा बरें. कोणता दोष कोणत्या वर्गाचा हें ज्यास ओळखतां येतें, तो सौद्यांत फसत नाहीं.

गाडी परत बोलावणें म्हणजे काय

एखाद्या काळांत बनविलेल्या गाड्यांत जीवितास धोका पोंचविणारा दोष आहे असें आढळल्यास, कंपनी त्या काळांतील गाड्यांची यादी करून मालकांस वर्कशॉपांत गाडी आणण्यास कळविते व सदोष भाग विनामूल्य तपासून बदलून देते. यासच मोटारीच्या धंद्यांत ‘रिकॉल’ म्हणतात. गाडी कायमची काढून घेतली जाते, असा त्याचा अर्थ नव्हे.

ही पद्धत अमेरिकेंत १९६६ च्या कायद्यानें रूढ झाली. तेथें क्रायस्लर कंपनीनें १९८३ च्या अखेरीस कुटुंबोपयोगी लहान व्हॅन बाजारांत आणली. आणि योगायोग असा कीं आपल्याकडे मारुतीची व्हॅन १९८४ मध्यें निघाली, जिला पुढें ‘ओम्नी’ हें नांव मिळालें. क्रायस्लरच्या त्या व्हॅनच्या मागल्या दाराची कडी अपघाताच्या धक्क्यानें उघडते व आंतील माणसें बाहेर फेकलीं जातात, अशा तक्रारी आल्या. आणि १९९५ मध्यें कंपनीनें ४० लक्षांहून अधिक गाड्यांच्या कड्या बदलून देण्याचें मान्य केलें. एका लहानशा कडीचें महत्त्व किती, हें यावरून ध्यानांत यावें. आपण जुनी व्हॅन पाहतांना मागलें दार एकदां जोरानें ओढून पाहणें हें म्हणूनच क्षुल्लक काम नव्हे.

आपल्या देशांत मोटार उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेनें २०१२ सालीं गाड्या स्वेच्छेनें परत बोलाविण्याविषयीं एक नियमसंग्रह केला. पण त्यास कायद्याचें बळ नव्हतें. पुढें २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा अधिनियमानें १९८८ च्या मूळ कायद्यांत कलम ११०-ए घातलें गेलें, आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलांत आले. गाडी चालविणारास, आंत बसणारास, रस्त्यावरील इतरांस किंवा पर्यावरणास हानि पोंचविणारा दोष असेल, तर ती परत बोलाविण्याचा आदेश केंद्र सरकार आतां कंपनीस देऊं शकतें. कंपनीनें आपण होऊन दोष जाहीर केला तर दंड नाहीं; सरकारास आदेश काढावा लागला तर १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही सक्ति मात्र बनावटीपासून सात वर्षांच्या आंतील गाड्यांनाच लागू आहे. ओम्नीचें उत्पादन २०१९ मध्यें बंद झालें; अर्थात् बाजारांतील ओम्नी या मर्यादेच्या कांठावर किंवा पलीकडे आहे, हें घेणारानें लक्षांत ठेवावें.

कोणकोणत्या व्हॅन परत बोलाविल्या गेल्या

आपल्याकडे अधिक फिरणाऱ्या गाड्यांपैकीं कांहींची माहिती येथें देतों. गाडी कोणत्या महिन्यांत बनली हें आर.सी. बुकावर नोंदलेलें असतें. त्याशीं खालील तारखा ताडून पहाव्या.

मारुती इको. (१) ४ नोव्हेंबर २०१९ ते २५ फेब्रुवारी २०२० या काळांत बनलेल्या ४०,४५३ गाड्या नोव्हेंबर २०२० मध्यें बोलाविल्या. पुढल्या दिव्यावर मानकाचें चिन्ह नव्हतें. (२) १९ जुलै ते ५ ऑक्टोबर २०२१ या काळांतील १९,७३१ गाड्या एप्रिल २०२२ मध्यें बोलाविल्या. चाकाच्या रिमवर मापाचा आंकडा चुकीचा उमटला होता. (३) ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळांतील इकोसह सहा जातींच्या १७,३६२ गाड्या जानेवारी २०२३ मध्यें बोलाविल्या. अपघातसमयीं एअरबॅग फुगविण्याचा हुकूम देणारा कंट्रोलर सदोष असण्याचा संभव होता. (४) ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळांतील एस-प्रेसो व इको मिळून ८७,५९९ गाड्या जुलै २०२३ मध्यें बोलाविल्या. स्टेअरिंगच्या टाय रॉडचा एक भाग सदोष असण्याची शक्यता होती.

या चारांचें महत्त्व सारखें नाहीं. पहिल्या दोहोंत धोका प्रत्यक्ष नसून नियमाचा भंग आहे. तिसऱ्यांत एअरबॅग ऐन वेळीं उघडणार नाहीं असें भय आहे. चौथी मात्र सर्वांत गंभीर समजावी. टाय रॉड म्हणजे स्टेअरिंगचें वळण पुढल्या चाकापर्यंत पोंचविणारी दांडी. ती तुटली तर हातांत स्टेअरिंग राहतें आणि चाक आपल्या मर्जीनें जातें. भरल्या गाडीनें हमरस्त्यावर असें झालें, तर चालविणाराचें कसब कांहीं उपयोगाचें नाहीं. तेव्हां २०२१ च्या उत्तरार्धांतील, २०२२ मधील किंवा २०२३ च्या आरंभींची इको कोणी विकावयास आणली, तर टाय रॉड तपासला गेल्याची खात्री झाल्याखेरीज विसार देऊं नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

मारुती अर्टिगा. १२ नोव्हेंबर २०१३ ते ४ फेब्रुवारी २०१४ या काळांतील अर्टिगा, स्विफ्ट व डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या एप्रिल २०१४ मध्यें बोलाविल्या. कांठोकांठ इंधन भरल्यास टाकीच्या नळीपाशीं गळती होऊन वास येण्याचा संभव होता. पुढें ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळांतील अर्टिगासह पांच जातींच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या सप्टेंबर २०२१ मध्यें बोलाविल्या. दोष मोटर-जनरेटर या भागांत होता. दुरुस्ती होईपर्यंत साठलेल्या पाण्यांतून गाडी नेऊं नये व विजेच्या भागांवर पाण्याचा फवारा मारूं नये, असें तेव्हां कंपनीनें कळविलें होतें. विहिरीवरच्या पंपाची नळी लावून गाडी धुणाऱ्या आपल्या मंडळींनीं ही सूचना विशेष ध्यानांत घ्यावी.

होंडा मोबिलिओ. जून २०१४ ते जुलै २०१५ या काळांतील २५,७८२ डिझेल गाड्या डिसेंबर २०१५ मध्यें बोलाविल्या. इंधन परत नेणारी नळी निसटण्याचें भय होतें. टोयोटा इनोव्हा. फेब्रुवारी २००५ ते डिसेंबर २००८ या काळांतील ४४,९८९ गाड्या २०१४ मध्यें बोलाविल्या. स्टेअरिंगमधील एअरबॅगकडे वीज नेणाऱ्या गुंडाळीच्या तारेंत दोष होता.

शेव्हरोले तवेरा. वडापाच्या रस्त्यांवर एके काळीं ही गाडी सर्वत्र दिसे. जनरल मोटर्स कंपनीनें जुलै २०१३ मध्यें २००५ पासून बनलेल्या सुमारें १ लक्ष १४ हजार तवेरा परत बोलाविल्या. धुराचीं व इतर ठरलेलीं मानकें त्या पुऱ्या करीत नव्हत्या. या प्रकरणाची सरकारी चौकशी झाली, आणि कायद्याची सक्ति हवी या मागणीस जोर आला. २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीनें भारतांतील विक्रीच बंद केली. यावरून घेण्यासारखा धडा असा, कीं गाडी कितीही मजबूत असली तरी तिच्या मागें कंपनी उभी नसेल तर सुटे भाग व दुरुस्ती यांचा भार शेवटीं आपल्यावरच पडतो.

पत्र पहिल्या मालकाकडे, धोका शेवटच्याकडे

येथें जुनी गाडी घेणाराची खरी अडचण सुरू होते. कंपनीच्या वहींत बहुधा ज्यानें गाडी नवी घेतली त्याचें नांव, पत्ता व फोन असतो. बोलावणें त्यालाच जातें. तो पुण्याचा किंवा हैदराबादचा असेल, त्यानें गाडी विकूनही तीन वर्षें झालीं असतील. तो तें पत्र बाजूस टाकतो. मधला दलाल सांगत नाहीं. पुष्कळदां त्यास ठाऊकही नसतें. अशा रीतीनें धोका गाडीबरोबर सांगोल्यास किंवा करमाळ्यास येतो, पण धोक्याची वार्ता मागेंच राहते.

शिवाय कांहीं दोष काळानें पिकतात. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगचें उदाहरण जगभर गाजलें. तिच्यांत वायु निर्माण करण्यासाठीं अमोनियम नायट्रेट वापरलें होतें. हें नांव खतांच्या संबंधानें शेतकऱ्यांस अपरिचित नाहीं. वर्षानुवर्षें उष्णता व दमटपणा यांनीं तें बिघडे, आणि मग पिशवी फुगण्याऐवजीं तिचें धातूचें भांडें फुटून तुकडे माणसाच्या अंगांत घुसत. यांत अनेक देशांत माणसें मेलीं, आणि कंपनीचें २०१७ मध्यें दिवाळें निघालें. अशा दोषाची गाडी नवी असतां निर्धोक असते व जुनी होतां होतां घातक होते. म्हणजे पहिल्या मालकास कांहींच होत नाहीं, आणि तिसऱ्याच्या वांट्यास संकट येतें.

सबब जुनी गाडी घेणारानें बोलावण्याची वाट न पाहतां आपण होऊन विचारलें पाहिजे. त्याची रीत सोपी आहे. गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला व आर.सी. बुकावर लिहिलेला सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर उतरून घ्यावा. दोन्ही ठिकाणचा नंबर एकच आहे हें आधीं पहावें. निराळा असेल, किंवा खोडून ठोकलेला दिसेल, तर तेथूनच परत फिरावें. या नंबरांत इंग्रजीं आय, ओ व क्यू हीं अक्षरें कधींच नसतात. तेव्हां वाटोळें चिन्ह दिसल्यास तें शून्य समजावें. हा नंबर त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपांत देऊन दोन प्रश्न विचारावे : या गाडीचें कोणतें बोलावणें निघालें होतें काय, आणि त्याप्रमाणें काम झालें काय. काम राहिलें असल्यास विकणारासच तें पुरें करून आणावयास सांगावें, कारण त्यास खर्च पडत नाहीं. काम झाल्याचा कागद मागून घ्यावा. ‘गाडी एकदम ओके आहे’ हें तोंडचें वचन त्या कागदाच्या जागीं चालूं नये.

काळाचे दोष : मालकांच्या नेहमींच्या तक्रारी

ओम्नी व इको यांचें इंजिन पुढल्या आसनांखालीं असतें. त्यामुळें गाडी आंखूड असून आंत जागा पुष्कळ मिळते. पण त्याच कारणानें तीन तक्रारी नेहमीं ऐकूं येतात.

पहिली, उष्णतेची. आसन तापतें ही गैरसोय. इंजिन तापतें हा धोका. एप्रिल-मे मध्यें आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि रेडिएटरांत आपण बोअरचें क्षारयुक्त पाणी ओततों. चुलीवरच्या पातेल्यास बसतो तसाच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, पाणी फिरेनासें होतें, आणि शेवटीं हेड-गॅस्केट जातें. गाडी पाहतांना इंजिन थंड असतां रेडिएटरचें झांकण काढून पहावें. पाणी गढूळ तांबूस असेल तर निगा राहिलेली नाहीं. इंजिन ऑईलच्या पट्टीवर किंवा झांकणाच्या आंत दुधाळ साय दिसली, तर ऑईलमध्यें पाणी मिसळत आहे असें समजून मोठा खर्च धरावा.

दुसरी, मागल्या चाकांकडे शक्ति नेणाऱ्या लांब शाफ्टची. क्लच सोडतांना खालीं ‘टक’ असा आवाज येणें किंवा ठराविक वेगास सबंध गाडी थरथरणें, हें त्याचा जॉइंट झिजल्याचें लक्षण होय. ही दुरुस्ती फार मोठी नव्हे, पण आळस केल्यास शाफ्ट सुटून रस्त्यावर आदळतो.

तिसरी, सुरक्षिततेची. बसणाराच्या गुडघ्यापुढें फारसें कांहीं नसल्यानें समोरून बसलेला धक्का सोसावयास जागा थोडी. ग्लोबल एनकॅप या संस्थेनें २०१६ मध्यें घेतलेल्या धडक-चांचणींत एअरबॅग नसलेल्या इकोस मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठीं एकही तारा मिळाला नाहीं. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, व शेजारच्या आसनाची जुन्या जातींच्या गाड्यांत २०२१ च्या अखेरीपासून. तेव्हां दोन गाड्यांच्या किंमतींत फरक थोडा असेल, तर २०२२ मधील किंवा नंतरची गाडी निवडणें हें पैशाचें नव्हे तर जिवाचें गणित आहे. मात्र तिचें वर सांगितलेलें टाय रॉडचें काम झालेलें असावें.

याखेरीज सर्वच व्हॅनमध्यें खालील गोष्टी पहाव्या. सरकत्या दाराची खालची पट्टी मातीनें भरून तेथें पाणी मुरतें व पत्रा कुजतो. मॅट उचलून पायाखालचा पत्रा अंगठ्यानें दाबून पहावा. मागलीं आसनें काढून माल वाहिलेल्या गाडीचे स्प्रिंग बसलेले असतात. सपाट जागीं उभी करून मागून पाहिल्यास ती एका अंगास कललेली दिसते. सात माणसें मिळून साधारण साडेचारशे ते पांचशे किलो भरतात. तेव्हां कांद्याच्या पन्नास किलोच्या दहा गोणी म्हणजे गाडी माणसांनीं गच्च भरल्याइतकेंच ओझें झालें. ज्यानें पंधरा-वीस गोणी रोज नेल्या, त्याच्या गाडीचे ब्रेक, बेअरिंग व क्लच हे आपल्या वयाहून म्हातारे असणार.

टायरवर कडेस चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढले दोन साल दाखवितात. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी दिसावयास चांगली असली तरी सहा-सात वर्षांचें उन्हांत वाळलेलें रबर भरल्या गाडीखालीं विश्वासाचें नसतें. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असलेला टायर तर कायद्यानेंही चालत नाहीं.

गाडी पहावयास सकाळीं, इंजिन थंड असतां जावें. विकणारानें आधींच गरम करून ठेवली असेल तर थांबावें. धूर निळा असेल तर ऑईल जळत आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आंत जात आहे. काळा असेल तर इंधन अधिक जात आहे. मग उभ्या गाडींत स्टेअरिंग हलकें डावी-उजवीकडे फिरवावें. चाक हलण्यापूर्वी बराच रिकामा फेरा जात असेल, किंवा खालीं खटखट वाजत असेल, तर मिस्त्रीकडून पुढलीं चाकें उचलून टाय रॉड व बॉल जॉइंट हातानें हलवून घ्यावे. विकणाराचा मिस्त्री व आपला मिस्त्री एकच असूं नये, हें सांगावयास नको.

मालकाचे दोष : गॅस व वायरिंग

पेट्रोल महाग म्हणून पुष्कळ जुन्या व्हॅनना मागाहून गॅसची टाकी बसविलेली असते. ती योग्य ठिकाणीं, मान्यताप्राप्त सामानानें बसविलेली व आर.सी. बुकावर नोंदलेली असेल तर हरकत नाहीं. सी.एन.जी. च्या टाकींत सुमारें २०० बार दाबानें वायु भरलेला असतो. म्हणून तिची दर तीन वर्षांनीं दाबाची परीक्षा करून घ्यावी लागते, व तिची तारीख टाकीवरील पट्टीवर आणि दाखल्यावर असते. दाखला नसेल तर परीक्षा झाली नाहीं असेंच धरावें.

परंतु कित्येक ओम्नींत घरगुती गॅसच्या टाकींतून गॅस उतरवून घेण्याची चाल पडलेली आढळते. ही चाल बेकायदा तर आहेच, शिवाय जीवघेणी आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळाल्यास वर न जातां गाडीच्या तळाशीं, आसनांखालीं साठतो. आणि ओम्नींत इंजिन तेथेंच आहे. एक ठिणगी पुरे होते, आणि सरकतें दार अडकलें तर मागें बसलेलीं मुलें बाहेर कशीं निघणार? नोंद नसलेली गॅसची टाकी दिसली, किंवा ती काढून टाकल्याच्या खुणा दिसल्या, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊं नये.

वायरिंगचेंही तसेंच. जादा दिवे, स्पीकर, पंखा यांसाठीं मूळ तारा सोलून चिकटपट्टी गुंडाळलेली असेल, किंवा फ्यूजच्या जागीं तांब्याची तार घातलेली असेल, तर त्या गाडीस आग लागण्याचें कारण तयार आहे असें समजावें.

कागदपत्रांत कुचराई नको

सौदा झाल्यावर फॉर्म २९ व ३० भरून नांव बदलून घेण्यास पुष्कळ जण वर्षानुवर्षें टाळाटाळ करितात. कायद्याप्रमाणें विकणारानें त्याच राज्यांतील विक्री १४ दिवसांत कळवावी व घेणारानें ३० दिवसांत नोंद करावी. २०१८ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे, कीं नोंदवहींत ज्याचें नांव मालक म्हणून आहे, तोच अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार. गाडी पुढें कितीही हातीं गेली असो. म्हणून विकणारा शेतकरी असो कीं घेणारा, दोघांनींही त्याच आठवड्यांत आर.टी.ओ. चें काम उरकावें. विमाही १४ दिवसांच्या आंत आपल्या नांवें करून घ्यावा. नाहीं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याची नोंद पहावी. कर्नाटकांतून गाडी आणली असेल, तर तेथील ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आवश्यक आहे. खाजगी गाडीचें पासिंग पंधरा वर्षांचें असतें व पुढें पांच-पांच वर्षांनीं नवें करावें लागतें. पंधरा वर्षें भरत आलेली गाडी घेतांना तो खर्चही हिशेबांत धरावा.

तक्रार नोंदविली तरच मोजली जाते

शेवटीं एका सार्वजनिक कर्तव्याकडे वाचकांचें लक्ष वेधतों. नव्या नियमांत गाडी परत बोलाविण्याचा विचार अन्य कारणांबरोबर मालकांनीं नोंदविलेल्या तक्रारींच्या संख्येवरून होतो, आणि त्या नोंदविण्यासाठीं केंद्रीय परिवहन खात्याच्या परिवहन संकेतस्थळावर सोय केलेली आहे. आपण मात्र आपली तक्रार गॅरेजांत सांगतों, चहाच्या टपरीवर सांगतों आणि पदरचे पैसे घालून दुरुस्ती करून घेतों. अशी तक्रार कोणाच्याच हिशेबांत येत नाहीं. सात वर्षांच्या आंतील गाडींत एकच भाग वारंवार मोडत असेल, किंवा शेजारच्या दोन-तीन गाड्यांचा तोच भाग मोडला असेल, तर तो काळाचा दोष नसून कारखान्याचा असण्याचा संभव मोठा. अशा वेळीं चासी नंबर, किलोमीटर व दुरुस्तीच्या पावत्या यांसह तक्रार अवश्य नोंदवावी. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग मोकळा आहे.

सारांश, जुनी व्हॅन घेतांना चार गोष्टी या क्रमानें कराव्या. प्रथम चासी नंबरावरून बोलावण्याची चौकशी. मग थंड इंजिनावर आपल्या मिस्त्रीकडून तपासणी. मग गॅस व वायरिंग यांची खात्री. आणि पैसे देतांना त्याच बैठकींत फॉर्मवर सह्या. यांत एक-दोन दिवस जातील व मिस्त्रीची मजुरी पडेल. तेवढें करण्यास जो विकणारा आडवा येतो, त्याची गाडी न घेणें हेंच उत्तम.